लेकीच्या चष्म्यातला आवाज

प्लंबरकाकांचा आवाज असा, की चौथ्या मजल्यावरून ते "पाणी सोडा" म्हणाले, तर शेजारच्या इमारतीतला माणूससुद्धा नळाकडे धावायचा. त्याच आवाजानं लेकीचा घात केला होता. तिरंदाजीच्या निवडीत दोनदा शेवटच्या बाणाला ते ओरडले, "खांदा सांभाळ!" दोन्ही वेळा तिचा हात हलला आणि संघातली जागा गेली. आता तिसरी निवड, आणि वयाच्या अटीमुळे हीच शेवटची.

कोचबाईंनी सरावाला व्हीआरचा चष्मा आणला. डोळ्यांवर चढवला की समोर अख्खं मैदान, झेंडे, गर्दीचा गलका. पोरगी त्यात एकदाही चुकेना. तेव्हा बाईंनी काकांना बोलावून घेतलं.

"गर्दीचं तिला काहीच वाटत नाही. अडचण तुमची आहे. तुमचा आवाज यात भरायचाय."

काकांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. स्वतःच्या लेकराला मी अडचण? पण पोरीसाठी माणूस काय करत नाही! माइकसमोर उभे राहिले खरे, पण भिंतीकडे बघून ओरडायची अशी लाज वाटली, की आधी नुसतेच खाकरले. मग मात्र बेंबीच्या देठापासून ओरडले.

पहिल्या दिवशी चष्म्यात तो आवाज आला आणि तिचा नेम पार लक्ष्याबाहेर गेला. चष्म्याला जोडलेल्या पडद्यावर ते बघून काका मान खाली घालून बसले. इतकी वर्षं आपण हे करत होतो तर. पण पोरगी चिवट, बापावर गेलेली. रोज शंभर वेळा ती ओरड ऐकायची आणि हात स्थिर ठेवायचा. तीन आठवड्यांनी तिचा नेम तसूभर हलेना.

निवडीच्या दिवशी काका तोंडावर हात ठेवूनच बसले होते. शेवटच्या बाणाला नऊ गुण तरी हवेच होते. तिनं दोरी ओढली, खांदा जरा वर गेल्यासारखा वाटला, आणि काकांची जीभ सुटलीच.

"खांदा सांभाळ!"

सगळं मैदान वळून बघायला लागलं. बाईंनी कपाळाला हात लावला. धरणी पोटात घेईल तर बरं, असं काकांना झालं. वळली नाही ती एकटी लेक. बाण सुटला. दहा.

ती धावत येऊन बापाच्या गळ्यात पडली. "बाबा, आज तुम्ही ओरडला नाहीत, म्हणून जमलं."

काकांचा ऊर भरून आला. "ओरडलो गं. चांगला ओरडलो."

त्यानंतर आठवडाभर ज्याच्या घरी नळ दुरुस्तीला गेले, त्याला ते छाती फुगवून सांगत होते, "आमची पोरगी बापाचा एक शब्द ऐकत नाही."