एका कळेला एक स्टॉप

साधना सिस्टरचा फोन आला तेव्हा मी दाढी करत होतो. सव्वाआठ झाले होते.

"काका, मावशींना लवकर पाठवा हो. इथं एक पेशंट कुणाचंच ऐकत नाहीये."

"ती सव्वासहाच्या गाडीनं गेली की."

"आल्या नाहीत. फोनही उचलत नाहीत."

मला राग आला. सुलक्षणा शनिवारी डबल ड्युटी करून आली होती. रविवारी दिवसभर पाय सुजले म्हणून पडून होती. "तुमच्याकडं दुसरं माणूसच नाही का?" असं म्हणून मी फोन ठेवला. पुन्हा फोन वाजला. साधनाच असेल असं वाटून मी ओरडलो, "अहो, गेली म्हणून सांगितलं ना!"

पलीकडं एक पुरुष होता. बसचा कंडक्टर. पुण्यातल्या शेवटच्या स्टॉपवरून बोलत होता.

"मामा, मावशी रोज फाट्याला उतरतात. आज डोकं खिडकीला टेकलेलं. एक हाक मारली. मग म्हटलं, दमल्यात, झोपू द्या. पुण्यात काम असंल." एवढं बोलून तो रडायला लागला.

मी एस.टी.त एकोणतीस वर्षं कंडक्टर होतो. मीही तिला उठवलं नसतं. अर्ध्या गालावरचा साबण तसाच घेऊन मी आमच्या रिहे गावातून निघालो.

सुलक्षणा माझी बायको. घोटावडे फाट्याजवळ एका ट्रस्टचं हॉस्पिटल आहे, तिथं ती बाळंतपणाच्या खोलीत आया होती. हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही. माणसं वाईट नाहीत तिथली, कमी आहेत. शिकलेली ती सातवी. पण बाई अडली की डॉक्टरांच्या आधी हिला हाक जायची.

तिची पद्धत साधी होती. एका जुन्या मोज्यात जाडं मीठ भरलेलं असे. ते तव्यावर गरम करून बाईच्या कंबरेला दाबून धरायचं. आडवं पडू द्यायचं नाही, व्हरांड्यातून चालवायचं. आणि कळ आली की बाईकडून एक स्टॉप म्हणवून घ्यायचा. ताम्हिणीपासून सुरुवात. पहिली कळ ताम्हिणी, दुसरी निवे, मग पौड, फाटा, पिरंगुट, भूकूम, भूगाव, चांदणी चौक. तिथून गाडी परत फिरवायची. श्वास सोडत सोडत नाव घ्यायचं. "स्टॉप येतो गं बाय, कुटलाबी स्टॉप आल्याबगार ऱ्हात न्हाई," असं ती म्हणायची.

हे स्टॉप तिनं माझ्याकडून ऐकलेले. आणि त्यातला एक चुकायचा. निव्यानंतर माले येतं. मी किती वेळा सांगितलं, "मधला स्टॉप खाल्लास तू."

"माझ्या गाडीला तितं प्याशिंजर नसतो," ती म्हणायची.

हॉस्पिटलच्या दारात एक बोर्ड आहे, 'वेदनारहित प्रसूतीची सोय उपलब्ध'. त्या बोर्डावरून ती रोज चिडायची. घरी येऊन माझ्यावर चिडायची, मी काय केलं होतं? "दंडातलं इंजेक्शन दिलं की बाई गुंगती. पाठीतलं दिलं की बाई जागी ऱ्हाती, कळ कळती पन चावत न्हाई. पन त्याला भुलीचे डॉक्टर पायजेत, ते पुण्यात. आधी तपासणी पायजे, कागद पायजे. बाई मागंल तवा द्यायचं का कागद सापडंल तवा?" मी भाकरी खात हूं हूं करायचो.

आमची गौतमी एकुलती एक. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून आठवा महिना लागताच हिंजवडीची नोकरी रजेवर टाकून आली होती. सुलक्षणानं तिला सांगून ठेवलं होतं, "आत मी असनार. आनि पाठीतलं पायजे असंल तर मिळनार. कोन न्हाई म्हनतंय बघते." त्याच शनिवारी भुलीचे डॉक्टर आले होते. त्यांनी गौतमीला तपासलं आणि कागद सोमवारी देतो म्हणाले. गौतमी दुपारी घरी आली, तिची आई ड्युटीवर थांबली. सोमवारी आई बसमध्येच गेली. त्यामुळं कागद आलाच नाही, असं आम्ही सगळेच धरून चाललो.

बॅग मला शेवटच्या स्टॉपवर मिळाली. तपकिरी रेक्झिनची, चेन तुटलेली, सेफ्टी पिन लावलेली. घरी आणून मी ती खिळ्याला अडकवली. तिच्या मागं पुण्यानुमोदनाचा विधी झाल्यावर गौतमी म्हणाली, "पप्पा, आईची बॅग बघू का?"

"हात लावू नको," मी म्हणालो. फार जोरात म्हणालो.

गाडीत राहिलेली बॅग कंडक्टरनं उघडायची नसते. जशी सापडली तशी डेपोत जमा करायची. एकोणतीस वर्षं मी हेच केलं. सवय म्हणा. बॅग खिळ्यालाच राहिली.

पाच आठवड्यांनी, बुधवारी पहाटे गौतमीला कळा सुरू झाल्या. सातला आम्ही हॉस्पिटलात होतो. जावई बुद्धभूषण कंपनीच्या कामाला बंगळूरला, मिळेल त्या विमानानं निघाला. विहीणबाई गंगूबाई आमच्याआधी येऊन बाकावर बसल्या होत्या.

नऊला गौतमी म्हणाली, "सिस्टर, मला पाठीतलं इंजेक्शन पाहिजे."

"पूर्वतपासणीचा कागद?" साधनानं विचारलं.

"डॉक्टरांनी तपासलंय मला. आईच्या समोर."

"ते डॉक्टर सोडून गेले गं. आणि शनिवारचे कागद मावशीच सोमवारी रजिस्टरला चढवून घ्यायच्या." साधनानं नव्या डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, कागद असेल तर आत्ता निघतो. नसेल तर रक्त तपासा, रिपोर्ट आला की कळवा. रक्त पुण्याला गेलं.

मी काउंटरवर गेलो. काउंटरवरचा म्हणाला, संमतीवर सासरच्या माणसाची सही लागेल.

"दुखतंय कुणाला? सही तिची," मी म्हणालो. हे सुलक्षणाचं वाक्य होतं. "माझी बायको हितं बावीस वर्षं होती. मला शिकवू नका."

तेवढ्यात विहीणबाई बाकावरून म्हणाल्या, "कशाला ती सुई? पाठीत टोचलं की जल्माची कंबर जाती. माझ्या जावंची गेली."

"तुमच्या जावंची कंबर भात लावून गेली, विहीणबाई."

"व्हय, तुमाला लई कळतंय. चार बाळतपनं काय तुमी केलीसा?"

सही शेवटी गौतमीनंच केली, आडवं तिडवं नाव लिहून. पण नुसती सही काय कामाची? रिपोर्ट नव्हता.

सोबतीला एक बाई आत चालते, असा नियम सुलक्षणानं भांडून करून घेतला होता. विहीणबाई गेल्या आणि दहा मिनिटांत बाहेर आल्या. "मला म्हनती, आत्या, तुमी भायेर बसा! मी येवढंच म्हनलं, वरडू नगं, शेजारची बाई बघतीया."

"मग मला सोडा," मी साधनाला म्हणालो.

"काका, आत आणखी दोन बायका आहेत. पुरुषाला कसं सोडू? मी एकटी आहे हो. मावशींच्या जागी अजून कुणी दिलेलं नाही." तिचेही डोळे भरले होते. मला तिचाही राग आला आणि राग करायला ती काही चुकीचं बोलत नव्हती, याचाही आला.

दुपारी दोनला गौतमीचं ओरडणं व्हरांड्यात ऐकू यायला लागलं. मी इमारतीच्या मागं गेलो. तिथं पाण्याची टाकी आहे आणि त्या खोलीची उंच खिडकी आहे. टाकीच्या कट्ट्यावर उभं राहिलं तरी आतलं दिसत नाही, आवाज मात्र जातो.

कळ आली तसा मी ओरडलो, "ताम्हिणी!"

मग पुढची कळ. "निवे!"

"निवे," आतून आवाज आला. रडका, पण आला.

"माले!"

"माले नाही!" गौतमी किंचाळली. "आई माले घेत नाही, पप्पा!"

वॉचमन भैरू पळत आला. "ओ कंडक्टर, हितं काय बस लावताय काय?" मी त्याच्याकडं बघितलंच नाही. पुढची कळ आली तेव्हा मी पौड म्हणालो. एकोणतीस वर्षांत मी स्टॉप सोडला नव्हता.

भैरू जाऊन पाण्याची बाटली घेऊन आला. चांदणी चौकाहून गाडी फिरवली, पुन्हा ताम्हिणी. अशा किती फेऱ्या झाल्या ते मोजलं नाही. घसा बसला तेव्हा भैरू म्हणाला, "तुमी बसा, म्या वरडतो," आणि त्यानं दोन स्टॉप घेतले. तोही माले सोडून.

साडेचारला रिपोर्ट आला. डॉक्टर निघाले. पाचला साधना मागं आली आणि म्हणाली, "काका, आता देता येणार नाही. वेळ गेली." पावणेसहाला मुलगी झाली. दोघी सुखरूप. डॉक्टर सहाला पोचले आणि सगळ्यांना चांगलं बोलून परत गेले.

घरी आल्यावर चौथ्या दिवशी गौतमी म्हणाली, "पप्पा, कंबर फार दुखतीये. आईचा मिठाचा मोजा असेल ना बॅगेत?"

मी बॅग खिळ्यावरून काढली आणि परड्यात नेऊन उघडली. वर मोजा होता. खाली जेवणाचा डबा, त्या सोमवारचा, घट्ट लावलेला. आणि प्लास्टिकच्या पिशवीत घडी घातलेला एक कागद. तपासणीचा. डॉक्टरांची सही, तारीख शनिवारची. डॉक्टर सोमवारी देणार होते, तो हिनं थांबून त्याच संध्याकाळी घेतला होता. खाली पेनानं, तिच्या मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, 'गौतमी मागेल तेव्हा लगेच फोन लावणे. वाट बघायची नाही.'

हॉस्पिटलपासून घर मोटरसायकलवर वीस मिनिटांवर आहे.

मी मोजा तव्यावर गरम करून गौतमीला दिला. तिनं विचारलं, "आणखी काय होतं?"

"काही नाही. डबा."

नात आता तीन महिन्यांची आहे. सुलक्षणाच्या जागेवर अजून कुणी आलेलं नाही, बोर्ड आहे तिथंच आहे. बॅग पुन्हा खिळ्याला आहे. डबा अजून धुतलेला नाही. कागदाचं गौतमीला सांगायचं राहिलं आहे.