मिनलच्या बदल्यात नूपुर

रुपरावांनी पोह्यांवर आणखी एक पळी तर्री ओतून घेतली, रुमालाने कपाळ पुसलं आणि टेबलापलीकडे बसलेल्या लतिकाताईंना विचारलं,

"पोट्टीचा डावा हात कसा आहे?"

"उजव्यासारखाच. कोणत्या बाजूने आत घुसेल ते समोरचीला कळत नाही."

"अन् लांबून? तीन पॉइंटवाला?"

"तो सुधारतो आहे."

"म्हंजे येत नाही," रुपराव म्हणाले आणि पोह्यांकडे वळले.

लतिकाताई सक्करदऱ्याच्या क्लबच्या सचिव. त्यांच्या शेजारी क्लबचे प्रशिक्षक गिरिधर सर बसले होते, आणि त्यांच्या बशीतले पोहे तसेच गार होत होते. हंगाम सुरू होण्याआधी एका रविवारी सकाळी शहरातले बास्केटबॉलचे संघ मैदानामागच्या या खोलीत जमत आणि खेळाडूंची अदलाबदल करत. एकीच्या बदल्यात एक, असा नियम. लतिकाताईंना उंच सेंटर हवी होती, आणि वाडीच्या संघाकडे नूपुर होती. दारातून येताना मान वाकवावी लागे तिला. वाडीच्या रुपरावांना चेंडू पुढे नेणारी चपळ मुलगी हवी होती, आणि लतिकाताईंच्या मिनलइतकी चपळ मुलगी शहरात दुसरी नव्हती. मामला एवढा सरळ.

पण या खोलीत सरळ कोण बोलतं? जी मुलगी घालवायची असेल तिची आरती ओवाळायची आणि जी ठेवून घ्यायची असेल तिला तोंड भरून नावं ठेवायची, ही इथली रीत. ऐकणाराही पक्का, सगळं उलटं करूनच कानात घ्यायचा. गिरिधर सर यात कुणाच्या मागे नव्हते. चांगल्या धडधाकट पोरींना त्यांनी याच टेबलावर दमा लावला होता, चक्कर लावली होती, एकीला तर चष्मासुद्धा. पोरींनाही हे माहीत असायचं. सरांनी आपल्याला किती नावं ठेवली यावर त्या आपली किंमत ठरवत आणि एकमेकींना चिडवत.

आज मात्र सरांच्या तोंडाला कुलूप होतं, आणि ते मिनलनं लावलेलं होतं.

गेल्या आठवड्यात तिने त्यांना मैदानाच्या कोपऱ्यात बोलावून उजवा गुडघा दाखवला होता. आतला लिगामेंट अर्धा फाटला आहे, डॉक्टर म्हणाले होते. वर्षभर खेळणं बंद, नाहीतर एक दिवस पूर्ण तुटेल, मग चालतानाही पाय दगा देईल. पण मिनलला डॉक्टरपेक्षा वाडीची घाई होती. रुपरावांचा ट्रान्सपोर्टचा धंदा होता, आणि संघातल्या प्रत्येक मुलीला ते गोदामाच्या ऑफिसात नोकरीला लावत. मिनलचे वडील रामाजी भिवापूरला मिरचीची शेती करत. पोरीनं नागपुरात राहायचं ते नोकरीसाठी, या दिवाळीपर्यंत नाही मिळाली तर घरी ये, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. घरी म्हणजे काय ते मिनलला कळत होतं. पाहुणे येऊन चहा पिऊन गेलेही होते.

"गुडघ्याचं कोनाले सांगू नका, सर," ती म्हणाली होती. "शपथ आहे तुमाले."

सरांनी मान हलवली होती. का हलवली, हे ते तेव्हापासून स्वतःला विचारत होते.

"मिनल आमच्या संघाचा प्राण आहे," लतिकाताई आता सांगत होत्या. त्यांना गुडघ्याची काहीच कल्पना नव्हती. नूपुर मिळवायची तर आरती ओवाळायलाच हवी, म्हणून त्या मनापासून ओवाळत होत्या. "चेंडू हिसकावण्यात तिच्या तोडीची दुसरी नाही. दमत नाही. चाळीसच्या चाळीस मिनिटं पळते."

चाळीस मिनिटं. सरांनी बशी दूर सारली.

"फाऊल करते," रुपराव म्हणाले. "सेमीफायनलले पाच फाऊल करून बाहेर बसली का नाही? उंची नाही. लांबून मारता येत नाही. अन् माही नूपुर म्हंजे तयार सेंटर. बोर्डाखाली उभी केली का काम फत्ते." त्यांनी चमचा खाली ठेवला. "एक सांगा ताई. एवढी एक नंबर पोट्टी आहे, तं देऊन काहून राहिले तुमी?"

लतिकाताई क्षणभर अडखळल्या. तेवढं पुरे झालं. रुपरावांच्या चेहऱ्यावर संशय उमटला आणि त्यांनी खुर्ची मागे सरकवली.

"नाही जमत जी. दुसरी पाहू."

गिरिधर सरांच्या जिवात जीव आला. मोडला सौदा! आता ही आपल्याकडेच राहील, वर्षभर बाकावर बसवू, लतिकाताई ओरडल्या तर ओरडू दे. पण लगेच दिवाळी आठवली, चहा पिऊन गेलेले पाहुणे आठवले, आणि आलेला जीव अर्ध्या वाटेत थांबला. ठेवली तरी पोरगी हातची जाणार, दिली तर पाय जाणार.

"तुमी काहून गप्प, सर?" उठता उठता रुपरावांनी विचारलं. "तुमी कधी गप्प नाही राहत."

सर गप्प राहू शकले असते. पण आज वाचली तर उद्या ती दुसऱ्या एखाद्या संघाकडे लंगडत जाणार, आणि तिथेही आपण असेच बशीकडे बघत बसणार, या विचाराने त्यांना स्वतःची शिसारी आली. एकदाचं बोलून टाकावं. ती आयुष्यभर तोंड बघणार नाही, पण निदान स्वतःच्या पायांनी चालेल तरी.

"तिचा गुडघा फाटला आहे," ते म्हणाले. "उजवा. आतून. तिने खेळायलाच नको. तुम्ही तिला घेऊ नका."

रुपराव हसले. आधी हळू, मग पोट धरून. पलीकडच्या टेबलावरचेही हसले.

"आता कसं!" रुपराव परत खुर्चीत बसले. "म्हटलं सर अजून कसे बोलले नाही! गुडघा म्हणे. थेट गुडघाच काढला!"

"मी खरं सांगतो आहे, रुपरावजी. डॉक्टरांनी सांगितलंय."

"मागल्या टायमाले चक्करपण डॉक्टरनंच सांगितली होती नं?"

"ते वेगळं होतं. हात जोडतो तुम्हाला. हे खरं आहे." सरांचा आवाज चिरकला.

"पाहा, ताई, पाहा! सर रडाले आले. एवढा जीव आहे पोट्टीत!" रुपरावांनी लतिकाताईंपुढे हात केला. "मले पायजे ही. नूपुर घ्या."

सरांनी लतिकाताईंकडे पाहिलं. त्यांनी टेबलाखालून सरांच्या हातावर शाबासकीची थाप दिली.

"बोलवा तिला," सर म्हणाले. "तिलाच विचारा."

मिनल बाहेर मैदानावरच होती. ती दारात येऊन उभी राहिली.

"काय वं, मिनल," रुपराव म्हणाले. "सर म्हणते का तुहा गुडघा गेला. दुखते का?"

मिनलनं सरांकडे पाहिलंच नाही.

"नाही जी. सर तसंच म्हणते सगळ्यायचं."

आणि कुणी काही करून दाखवायला सांगण्याआधीच तिने जागेवरून उडी मारली, दाराच्या वरच्या चौकटीला दोन्ही तळवे टेकवले आणि खाली आली. सगळ्यांनी चौकटीकडे पाहिलं. सरांनी एकट्यांनी जमिनीकडे पाहिलं. ती फक्त डाव्या पायावर उतरली होती. उजवा तिने नंतर अलगद टेकवला. हे दाखवायला त्यांनी हात उचललासुद्धा, पण तोवर टाळ्या पडल्या होत्या आणि चहा मागवला गेला होता.

बैठक उठल्यावर सर मैदानाच्या कडेच्या बाकावर जाऊन बसले. थोड्या वेळाने मिनल पिशवी घेऊन आली आणि शेजारी बसली.

"रागावले, सर?"

"शब्द मी मोडला. रागवायचं तू."

"मले मालूम होतं, तुमी मोडसान म्हणून."

सरांनी वळून पाहिलं. "मग मला सांगितलंसच कशाला?"

"ताई मही तारीफ करनार, म्हंजे त्यायले शंका येनारच होती. तुमी दोन शिव्या घातल्याशिवाय त्यायनं मले घेतलंच नसतं." ती खालच्या मानेनं बोलत होती. "मी तुमाले म्हटलं असतं, सर, मही बदनामी करा म्हंजे ते मले घेतीन, तं तुमी केली असती?"

"नसती."

"मंग?"

सरांना रडू येत होतं आणि रागही येत होता, आणि दोन्हींपैकी एकही पोरीवर काढण्यासारखं नव्हतं. फाटकाबाहेर रुपरावांच्या गाडीचा हॉर्न वाजला.

"आजपासूनच प्रॅक्टिस आहे म्हणे," मिनल म्हणाली. तिने पिशवीतून बँडेजची गुंडाळी काढून सरांच्या मांडीवर ठेवली आणि ट्रॅकपँट गुडघ्याच्या वर ओढली. गुडघा सुजून चकाकत होता. "बांधून द्या, सर. मले तुमच्यासारखं जमत नाही. वरून दिसलं नाही पायजे."

उठून निघून जावं, असं त्यांना फार वाटलं. पण न बांधता गेली तर पाय आजच जायचा. हॉर्न पुन्हा वाजला. सर बाकावरून खाली उतरले, तिच्यापुढे मातीत बसले आणि गुंडाळी सोडली.

"घट्ट होतंय?"

"अजून घट्ट."

"दुखतंय का?"

"हो," मिनल म्हणाली, आणि तिने बाकाची कड दोन्ही हातांनी धरली.

त्यांनी शेवटचा वेढा दिला, टोक आत खोचलं, सुरकुत्या बोटांनी नीट सपाट केल्या. मग पँट खाली ओढली आणि जरा मागे सरकून पाहिलं. काहीच दिसत नव्हतं.