माथ्यावरचे तीन फटके

लुडविक मास्तरांनी पिशवीतून जाड दोर काढला, बाटलीतलं थोडं पाणी त्यावर ओतलं आणि तो पुन्हा गुंडाळून ठेवला.

"ओला दोर पाठीवर नीट बसतो," ते म्हणाले. "आमच्याकडची रीत. तुमच्याकडे नसेल."

सेनादचा जन्म स्लोव्हेनियाच्या राजधानीतला, ल्युब्लियानातला, दातांचा दवाखानाही तिथलाच. पण बाप बोस्नियातून आलेला, म्हणून मास्तरांच्या लेखी त्याचं 'तुमच्याकडे' कायम दक्षिणेला. दोघं चढत होते ते त्रिग्लाव देशातलं सर्वांत उंच शिखर. त्याच्या माथ्यावर पहिल्यांदा पोचणाऱ्याला, आधी जाऊन आलेल्यानं तीन फटके द्यायचे. मग तो खरा स्लोव्हेनियाचा. हे फटके सेनादनं बारा वर्षांचा असताना, बापाशेजारी वाकून खाल्ले होते. पण मास्तरांच्या मुलीनं, पोलोनानं त्याला बजावलं होतं, "बाबांना सांगू नकोस. तुला मारायची त्यांना फार हौस आहे. तेवढी भागली, की येतील आपल्या लग्नाला."

म्हणजे लग्नात सासरा हवा असेल, तर पाठ द्यायची. सेनादला सौदा स्वस्त वाटला होता.

"थांब. कड्यावर डोंगरबोकड." मास्तरांनी दुर्बीण स्वतःच्याच डोळ्यांना लावली. "मागू नकोस. तुला जमायचं नाही."

बोकड कमानदार शिंगं सावरत दोघांकडे सारख्याच तुच्छतेनं बघत होता. सेनादला तो ओळखीचा वाटला.

"याला म्हणतात अस्सल इथला," मास्तर म्हणाले.

"इथले कधीच संपले होते ना? हे बाहेरून आणून सोडलेत म्हणे."

मास्तर जन्मभर भूगोल शिकवत आलेले. त्यांनी दुर्बीण खाली घेतली.

"बोकडांची गोष्ट वेगळी. ते तोंड चालवत नाहीत."

पुढचा कडा पोलादी दोराला धरून चढायचा. वर धुकं उतरलं. लोखंडी खुंट्या दिसेनाशा झाल्या, तसा सेनाद पुढे झाला. मागून मास्तरांची कुरकुर चालूच होती. "हळू! जत्रेला निघालायस काय?"

चढ संपला. मास्तरांनी धापा टाकत दोर काढला.

"आलो. वाक."

"इथं? पण माथ्यावरचा पत्र्याचा मनोरा कुठाय?"

"धुक्यात. कॉलेजातून आलो होतो, तेव्हाही दिसला नव्हता. आमच्या वाटाड्यानं इथंच फटके दिले आणि खाली नेलं. मला शिकवू नकोस, वाक!"

सेनादनं क्षणभर त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. ते खोटं बोलत नव्हते. तो वाकला. पहिला फटका सणसणीत बसला. ओल्या दोराबद्दल मास्तरांचं म्हणणं खरं होतं.

दुसरा आला नाही.

सेनादनं मान वर केली. वाऱ्यानं धुकं फाडलं होतं. समोर धारदार कडा वर चढत गेलेला, आणि त्याच्या टोकाला तो मनोरा. चार माणसं त्याला टेकून फोटो काढत होती. हा नुसता धाकटा त्रिग्लाव होता, खऱ्या माथ्याच्या अलीकडचं बुटकं शिखर. मास्तरांचा हात दोरासकट हवेत तसाच.

म्हणजे कॉलेजातही मास्तर इथूनच परतले होते.

"पुढे हो," मास्तर अखेर म्हणाले.

ती धार त्यांनी मुकाट्यानं पार केली. मनोऱ्यापाशी पोचल्यावर मास्तरांनी त्याच्या पत्र्याला हात लावला, मग घाईनं काढून घेतला.

"धुक्यात तू खुंट्या न चाचपता धरत होतास. कितव्यांदा आलायस?"

"तिसऱ्यांदा."

"आणि तरी तिथं वाकलास? गाढव आहेस."

"तुम्ही म्हणालात ना, वाक."

मास्तरांनी दोर त्याच्या छातीवर आपटला, पाठीवरची पिशवी उतरवली आणि गुडघ्यांवर हात टेकून वाकले. फोटोवाली माणसं वळून बघायला लागली.

"अंगठीसारखा काय धरलायस? नीट धर. आणि लग्नात यातला एक शब्द कुणाकडे काढलास, तर दात पाडीन."

सेनादचा उचललेला हात थांबला.

"लग्नात?"

"मार आधी," मास्तर जमिनीकडे बघत खेकसले.