फडी सकाळची आंबट

खुशालचा जीव टांगणीला लागला होता. नागपूरच्या कॉलेजात त्याची एम.एस्सी. एका प्रयोगावर अडली होती, आणि तो काही केल्या जमेना. वाळवंटी झाडांच्या अंगावरची बारीक छिद्रं साखरेनं कशी उघडमीट करतात, एवढंच त्याला दाखवायचं होतं. "दिवाळीनंतर हात हलवत आलास तर विषय सोड," सरांनी सुनावलं होतं. छप्पन सालची गोष्ट. विषय सोडला की दोन वर्षं पाण्यात गेलीच म्हणायची.

तेव्हा कॉलेजचा मायक्रोस्कोप ट्रंकेत घालून हा पठ्ठ्या दरेकशाला रुख्मामावशीकडे आला. वाळवंट कुठून आणणार? पण मावशीच्या वाडीला निवडुंगाचं दाट कुंपण होतं, आणि निवडुंग कुठंही लावा, वागतो वाळवंटातल्यासारखाच.

रोज भर दुपारी खुशाल निवडुंगाची एक हिरवी, पसरट फडी कापायचा, तिची साल सोलून काचेवर ठेवायचा आणि नळीला डोळा लावायचा. छिद्रं बंद. साखरेचं पाणी टाकलं, तरी बंद. साधं पाणी टाकलं, तरी बंद. आठ दिवस हेच. मावशीनं सणासाठी जपलेली साखर मात्र संपत आली, आणि ओट्यावर मुंग्यांची जत्रा भरली.

"अगा बाप्पा! साखर कोनाले पाजून राहिला तू?" मावशी कडाडली.

"निवडुंगाले, मावशी. त्याचं तोंड उघडते का, पाहून राहिलो."

"मंग दुपारी कायले पाह्यतं? शेळ्यायले फडी सांजेलेच द्या लागते, काटे जाळून. सकाळची फडी आंबट राह्यते, शेळी तोंड लावत नाही. दिवसभर ऊन खाल्लं का आंबटपणा उतरते. रातभर काहीतरी खात असन ते बापडं."

खुशालनं कपाळावर हात मारून घेतला. निवडुंग दिवसा छिद्रं उघडेल तर सुकून मरेल! तो रात्री हवा आत घेतो, तिचा आंबट रस करून ठेवतो, आणि दिवसा दारं लावून उन्हात त्याचीच साखर करतो. हे त्यानं पुस्तकात वाचलंही होतं, परीक्षेपुरतं. पण पोरगा पडला धानवाल्यांचा. धानाचं पान दिवसा उघडतं, म्हणून शहाण्यानं निवडुंगही दुपारीच कापला.

डब्यात चमचाभर साखर उरली होती. ती मावशीनंच काढून दिली, आणि पहाटे कंदीलही तिनंच धरला. छिद्रं उघडी होती! साखरेचं दाट पाणी टाकलं, तशी मिटू लागली. बाहेरच्या साखरेनं कडेच्या पेशींतलं पाणी ओढून घेतलं होतं. धुऊन साधं पाणी घातलं, तर आतल्या साखरेनं ते शोषलं, पेशी फुगल्या आणि छिद्रं पुन्हा उघडली. खुशालनं वाकून मावशीचे पाय धरले.

"उठ बाप्पा, कंदील हालून राहिला," ती म्हणाली.

पुढच्या वर्षी तो बांधीव प्रबंध आणि दोन शेर साखर घेऊन आला. पहिल्याच पानावर मावशीचे आभार होते. त्यानं तिचं बोट धरून नावावर ठेवलं.

"एवढ्या मोठ्या पोथीत माहं नाव?" मावशीनं ते दोनदा चाचपलं. डोळे पुसले. मग एकदम म्हणाली, "आन् शेळ्यायचं काऊन नाही? त्यायनं तोंड फिरवलं नसतं, तर मले कोनं सांगतलं असतं?"

खुशालनं पेन काढलं आणि खाली लिहिलं: "आणि त्यांच्या शेळ्यांचेही." ते वाचून दाखवलं, तेव्हा कुठं मावशी चहा ठेवायला उठली.