एकडोळ्या जेस्परचं खोगीर

मित्रांनो, मी एक जुनं खोगीर आहे, आणि आता जे सांगणार आहे त्यावर तुमच्यातला एकजणही विश्वास ठेवणार नाही. लावा पैज! टेक्सासचा सगळ्यात नामचीन दरोडेखोर एके काळी माझ्यावर बसत असे.

हसू नका. सध्या मी टेक्सासातच, अर्विंगला उत्तराकाकूंच्या गॅरेजात, गवत कापायच्या मशीनमागे पडून असतो, हे खरं. पण आज दसरा आहे. पाटावर काकूंचा स्टेथोस्कोप, चंद्रशेखरकाकांचं ड्रिल मशीन, पाने-पक्कड असं सगळं मांडलंय. दारातल्या गाडीला झेंडूची माळ आहे. या घरचा नियम असा, की दसऱ्याला जिला कुंकू लागलं ती वस्तू वर्षभर टाकायची नाही. बाकीचा पसारा न्यायला सोमवारी डोनेशनचा ट्रक येतोय.

मघाशी काकूंची नात, म्हणजे त्यांच्या नकुलची मुलगी अनिका मला फरफटत पाटाशी घेऊन आली.

"हे कशाला गं?" काकू म्हणाल्या. "पूजा कामाच्या वस्तूंची करतात. अहो, जुन्या बाजारातून हे उचलून आणलंत, तेव्हापासून नुसती जागा अडवलीय यानं. कधी काही काम केलंय का?"

"त्यालाच विचार," काका म्हणाले आणि फोनमध्ये तोंड खुपसून बसले.

म्हणून सांगतो.

रिओ ग्रान्दे नदीकाठच्या एका म्हाताऱ्या कारागिरानं मला शिवलं. त्या नदीवरची तेव्हाची, दोन देशांमधली सरहद्द म्हणजे अजब कारभार! ज्यांनी जमीन हिसकावली ते साहेब झाले, आणि ज्यांची होती ते चोर ठरले. नदीच्या अलीकडे एक कायदा, पलीकडे दुसरा. घोडा पाण्यात घातला, की माणूस पलीकडे निर्दोष! माझा धनी एकडोळ्या जेस्पर असा दिवसातून तीनदा निर्दोष व्हायचा.

काय दिवस होते ते! अंगाला घामेजल्या घोड्याचा वास, मागे शेरीफच्या घोड्यांच्या टापा, पुढे नुसतं मोकळं माळरान. एकदा नदीला पूर आला. मधल्या धारेत घोडाच दमला. मग मी घोड्याला पाठीवर घेतलं आणि पोहत पैलतीराला लावलं. जेस्परनं टोपी काढून मला सलाम ठोकला. तसा मान पुन्हा मिळाला नाही.

पुढे तारेची कुंपणं आली, मोटारी आल्या. जेस्पर थकला. मला तेल लावणारं कुणी उरलं नाही, चामडं तडकलं, उंदरांनी आतलं भरण कुरतडलं. मित्रांनो, म्हाताऱ्या वस्तूला फार काही लागत नाही. वर्षातून एकदा तेलाचा हात फिरवा आणि तिचं म्हणणं ऐकून घ्या.

काकूंचं कुंकवाचं बोट हवेतच थांबलं होतं. "घोड्याला? पाठीवर?"

"शप्पथ!" मी म्हणालो. "अहो, तो घोडा तर मरेपर्यंत माझे उपकार..."

"खोटं!" अनिका ओरडली. "आजी, इट्स लायिंग! हे आधी एका दुकानाच्या काचेत नुसतं शोभेला ठेवलेलं होतं, घोडा कधी पाहिलापण नाही यानं. आजोबांनी सांगितलंय मला. मग आपल्या घरी हे सोफ्याच्या हातावर टाकलेलं असायचं ना? बाबा शाळेतून आला की रोज यावर बसून राहायचा, आजी. तू हॉस्पिटलमधून घरी येईपर्यंत!"