तारेचे ब्रश

ज्योतीरामची इलेक्ट्रिक गिटार पहिल्यांदा ऐकली तेव्हा मी त्याला म्हणालो होतो, "राव, एवढा ठणठणाटच ऐकायचा असेल तर आमच्या हॅमर शॉपमध्ये ये. तिथं फुकट आहे, वर पगारही मिळतो." तो हसला. लातूरकडचा पोरगा, आमच्याच चिंचवडच्या कंपनीत लेथवर, केस मानेपर्यंत वाढवलेले. म्हणाला, "अन्वरभाई, तुमचं जॅझ लई हळू हाय बगा. झोपच येती." मला रॉकचा राग होता आणि तो मी कधी लपवला नाही.

जॅझ मला इब्राहिमचाचांनी शिकवलं. लष्करी बँडातून निवृत्त झालेला माणूस. देहूरोडच्या एका क्लबात शनिवारी संध्याकाळी ते सॅक्सोफोन वाजवायचे आणि मी मागे ड्रमवर. मी लग्नाच्या बँडात बडव बडव बडवून आलेलो, हात जड. त्यांनी माझ्या हातातल्या काठ्या काढून घेतल्या आणि तारेचे ब्रश दिले. ते कातड्यावर गोल फिरवले की सुपात तांदूळ पाखडल्यासारखा आवाज येतो. "हात नंतर, बेटा. आधी कान," चाचा म्हणायचे. "मी श्वास कुठं घेतो ते ऐक. ती तुझी जागा." रॉकमध्ये चौघं एकदम बोलतात आणि कोणी कोणाचं ऐकत नाही, जॅझमध्ये एक जण बोलतो तेव्हा बाकीचे ऐकतात, हे माझं ठाम मत होतं. टपरीवर चहा प्यायला येईल त्याला मी ते ऐकवायचो.

आणि ज्याला कानांचा एवढा माज, त्याचेच कान गेले.

हॅमर शॉपमध्ये लाल लोखंडावर दिवसभर हॅमरचे, म्हणजे यांत्रिक घणाचे, घाव पडतात. कानात कापूस घालणाऱ्याला आम्ही 'नवरीबाई' म्हणून चिडवायचो, त्यामुळे माझ्या कानात कापूस कधी गेला नाही. पहिल्यांदा घरातला कुकर गप्प झाला. भात करपला आणि माझी बायको कनीज ओरडली, "इथंच तर बसलाय की तुम्ही!" मी म्हणालो, शिट्टी बिघडली असेल. मग ब्रशचा आवाज येईना. मी ड्रमचं कातडं बदललं, नवे ब्रश आणले, कातड्याच्या दुकानदाराशी भांडूनही आलो. शेवटी कनीजला समोर बसवून वाजवलं. "येतोय की आवाज," ती म्हणाली, "छान येतोय."

चाचांना सांगायची हिंमत झाली नाही. सांगितलं असतं तर ड्रमवर दुसरा कोणी बसला असता, आणि चाचांच्या मागची ती जागा सोडून मला या जगात दुसरी जागा नको होती. सॅक्सोफोनचे जाड, खालचे सूर अजून थोडे येत होते. बाकी सगळं पाठ होतं. चाचा उभे राहून वाजवायचे आणि श्वास घेताना त्यांचे खांदे उचलले जायचे. मी खांदे बघून वाजवायला लागलो. समोरच्याचं बोलणं अर्धं कानांनी, अर्धं ओठांवरून जुळवायचो. कोणालाच कळलं नाही.

अठ्ठ्याहत्तर सालच्या खंडेनवमीला कंपनीत यंत्रांची पूजा होती. वर्षातून त्या दिवशी हॅमर बंद असतो. त्याला झेंडूची माळ घातली होती, कामगारांची बायकापोरं आली होती आणि शॉपमध्येच फळ्यांचा मंच बांधला होता. चाचांच्या छातीचं दुखणं वाढलेलं. डॉक्टरांनी त्यांना फुंकायची बंदी केली होती, तरी एकदा शेवटचं वाजवा म्हणून आम्हीच त्यांना बोलावलं होतं. "फक्त तू आणि मी, अन्वर," ते म्हणाले. "ती संथ धून. ब्रशवर." मी हो म्हणालो.

चाचांना धाप लागते म्हणून कोणीतरी साहेबांची खुर्ची मोठ्या मानाने मंचावर आणली. उंच पाठीची. चाचा तिच्यात बसले आणि मला मागून त्यांचे खांदे दिसेनासे झाले. खुर्ची फिरवा म्हणायला माझी जीभ उचलली नाही. का म्हणून विचारलं असतं तर काय सांगणार होतो?

मी सुरू केलं. सगळा शॉप शांत होता म्हणे. माझ्या कानात मात्र हॅमर चालूच होता. तरी त्यातून ती धून आली. अगदी देहूरोडला यायची तशी, एकेक वळण घेत. इतकी छान की मी डोळे मिटले. त्या क्षणी मी सुखी होतो, खोटं कशाला बोलू?

डोळे उघडले तेव्हा सॅक्सोफोन चाचांच्या मांडीवर आडवा पडला होता. पुढच्या रांगेत कनीजने तोंडाला पदर लावला होता. चाचांना मध्येच धाप लागली होती, ते थांबले होते आणि मी एकटाच ब्रश फिरवत होतो. खुर्चीत वळून ते माझ्याकडे बघत होते. त्यांचे ओठ हलले. "केव्हापासून?" एवढं मला वाचता आलं. मी ब्रश खाली ठेवले.

वेळ निभावून न्यायला ज्योतीराम त्याचा रॉकचा ग्रुप घेऊन मंचावर चढला. त्यांचा ड्रमवाला दसऱ्यासाठी गावी गेला होता. ज्योतीरामने काठ्या माझ्या हातात कोंबल्या. बेस गिटार सुरू झाली आणि फळ्या थरथरल्या. तळपायातून ते गुडघ्यात आलं, तिथून पोटात. मी ठोकायला लागलो. किती तरी दिवसांनी मी नक्की कुठं आहे ते मला कळत होतं. आणि मला ते आवडलं, याचंच रडू येत होतं. पोरं नाचायला लागली.

चाचांनी सॅक्सोफोन पेटीत ठेवला. माझ्यासमोर येऊन ते वाकले आणि काहीतरी बोलले, चांगलं लांबलचक. एवढं सगळं मला ओठांवरून वाचता येईना. थांबलो असतो तर सगळ्यांचंच वाजवणं कोसळलं असतं. मी ठोकता ठोकता नुसती मान हलवली. ते माळ घातलेल्या हॅमरजवळून बाहेर गेले.

सुट्टी संपली, हॅमर पुन्हा सुरू झाला. मला फरक कळला नाही. हल्ली मी ज्योतीरामच्या ग्रुपमध्ये असतो, लोक खूश असतात.

चाचा त्याच दिवाळीत वारले. त्या दिवशी ते मला काय म्हणाले, हे मी ज्योतीरामला विचारलं, कनीजला विचारलं, पुढे बसलेल्या प्रत्येकाला विचारलं. कोणालाच ऐकू गेलं नव्हतं. आमचा आवाजच तेवढा होता.