परताव्यापायी गेलेला कॉर्नेट

मित्रांनो, मी एक जुना कॉर्नेट आहे. तुतारीच्या कुळातले, तीन कळांचे, चांदीचा मुलामा दिलेले वाद्य. माणसाचा प्राण माझ्यातून वाहिल्याखेरीज मला वाणी नाही. इंग्लंडमधील डरहॅमच्या कोळसामुलखात, खाणीच्या वाद्यवृंदात, कथबर्ट रेन यांच्या ओठांशी माझे उमेदीचे आयुष्य गेले. उत्सवाच्या मिरवणुकीत मी निशाणापुढे चाललो. खाणीत दगावलेल्यांना मीच अखेरचा निरोप दिला. लोक टोप्या काढून ऐकत. पुढे खाण बंद पडली, कोळशाच्या धुळीने कथबर्टांची छाती निकामी केली, आणि मी स्वयंपाकघरातील कपाटावर, माझ्या पेटीत निजून राहिलो. तरीही त्यांची पत्नी हिल्डाबाई दर रविवारी मला मऊ कापडाने पुसत असत.

ती खाणकामगारांच्या घरांची रांग होती. एके काळी खाणीकडून मिळणारा फुकट कोळसा प्रत्येक दारात सारखाच पडे. त्यामुळे रांगेत एकाला जे मिळेल ते सर्वांना मिळणार, अशी तेथील माणसांची श्रद्धा होती. हिल्डाबाई मात्र एक गोष्ट सर्वांपासून लपवीत आल्या होत्या. पतीच्या आजारपणापासून त्यांची घरपट्टी कौन्सिलच्या, म्हणजे तेथील नगरपालिकेच्या, मदतखात्यातून भरली जात होती. स्वाभिमानी बाई, हे शेजारच्या थेल्माबाईंनाही त्यांनी कळू दिले नव्हते.

कथबर्ट गेले. त्यांच्या थडग्यावर साधा लाकडी क्रूस होता. तेथे दगड उभारावा, ही हिल्डाबाईंची एकच इच्छा उरली. अशात त्यांच्या ध्यानी आले की, मागच्या गल्लीतील तशाच घरांना घरपट्टीचा खालचा वर्ग लावलेला आहे, आणि आपल्या रांगेला विनाकारण वरचा. त्यांनी चिकाटीने अर्ज केले, शेजाऱ्यांकडून करविले. अखेरीस सारी रांग खालच्या वर्गात आली, आणि जादा भरलेली पट्टी घरोघर परत येऊ लागली.

थेल्माबाई मागच्या दाराने धावतच आल्या. "हिल्डा, ए हिल्डा! आला गं बाई परतावा! आमचा म्हातारा आकडा बघून खुर्चीतून उठला, काठीशिवाय!"

"मग चेक रोज दाखवत जा त्याला."

"तुझं आता काय बाई, संगमरवर लावशील. राणीला लाजवशील!"

"ग्रॅनाइट. संगमरवर इथल्या पावसात पिवळा पडतो."

त्या दिवशी हिल्डाबाईंनी पाथरवटाला होकार कळविला. आपल्याला किती मिळेल, हे विचारावे असे त्यांच्या मनातही आले नाही. रांग एक, म्हणून परतावाही एक.

बरेच दिवस काही आले नाही, तेव्हा त्यांनी कौन्सिलला फोन केला. पलीकडची मुलगी मृदू स्वभावाची होती.

"रेनबाई, तुमची पट्टी आमच्या मदतखात्यानं भरली होती ना? पट्टी कमी ठरली, तशी मदतही कमी ठरली. मधला फरक त्या खात्यात परत जातो."

"पण अर्ज तर मीच केला होता."

"हो, आणि छान केला होतात. मध्ये तुम्ही शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होतात, त्या वर्षी पट्टी स्वतः भरली होतीत. तेवढ्याचे पैसे तुम्हाला मिळतील."

हिल्डाबाईंनी तिचे आभार मानले. ओट्याला धरून त्या उभ्या होत्या, तोच थेल्माबाई आल्या. "चेक आला का? दाखव की!"

"बँकेत टाकला. दगडही सांगून झालाय."

"बघ! मी म्हणालेच होते आमच्या ह्यांना, हिल्डा पैसा उडवायची नाही!"

दुसऱ्या दिवशी हिल्डाबाईंनी मला टॉवेलात गुंडाळले, खरेदीच्या पिशवीत ठेवले आणि बसने शहरात नेले. वाद्यांच्या दुकानदाराने माझ्या कळा दाबून पाहिल्या.

"फार जपलाय हो. वाजवतं कोण?"

"आता कोणी नाही."

त्याने सांगितलेली किंमत त्यांनी घासाघीस न करता घेतली. परताव्याची चिमूट तीत मिळविली की दगडाची रक्कम पुरी होत होती. मात्र निघताना त्या दारात थांबल्या.

"खिडकीत ठेवू नका. आमच्याकडची माणसं इथं खरेदीला येतात."

त्याने शब्द पाळला. म्हणून मी मागच्या खोलीत, फुटक्या ढोलांच्या सोबतीला, अंधारात पडून आहे. गिऱ्हाइकाची नजर येथवर पोहोचत नाही. माझ्या कळा आखडल्या आहेत. दगड उभा राहिला की नाही, हेही मला ठाऊक नाही.

मित्रांनो, वाद्यांना जपा, ही विनवणी माझ्यासारखे सारेच करतात, मीही करतो. परंतु शेजारी कोणी मदतीवर दिवस काढीत असेल, तर त्याला ती लपवावी लागणार नाही, असे त्याच्याशी वागा. त्या दिवशी थेल्माबाईंनी "दाखव की" म्हणण्याऐवजी नुसते "बस जरा" म्हटले असते, तर हिल्डाबाई बसल्या असत्या. आणि मला वाटते, त्या बोलल्याही असत्या.